त्रिशंकू डोंगराआड का जातो? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

खाली डोंगर, पाणी किंवा एखादं झाड आणि वर ओळखू येणारं नक्षत्र, असा फोटो काढू पाहणाऱ्या नाशिक परिसरातल्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. उत्तरांतले आकडे त्याच जोडीसाठी आहेत. फुल फ्रेमवर तेवढीच चौकट हवी असेल तर लेन्सचा आकडा दीडपट धरावा.

डिसेंबरात त्र्यंबकच्या बाजूने मृग नक्षत्राचे फोटो काढले. तारे ढिगाने आले, पण घरात कुणालाच त्यात मृग सापडत नाही. डोळ्यांना तर लगेच दिसतं. चुकतं कुठे? (सातपूर)

एक्स्पोजर चुकलेलं नाही. तारे जास्त आले, हीच अडचण आहे. चांगल्या अंधारात डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). कॅमेरा दहा-बारा सेकंदांत आठव्या-नवव्या प्रतीपर्यंत सहज पोचतो. त्यामुळे मृगाच्या चौकोनात एरवी न दिसणारे शेकडो ठिपके भरतात. त्यात भर म्हणजे ठळक तारा सेन्सरवर पांढराफटक जळतो. पहिल्या प्रतीचा तारा तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सहापटीहून अधिक तेजस्वी असतो, पण नेमका फोकस असेल तर फोटोत दोघेही तीन-चार पिक्सेलचे पांढरे ठिपके. मोठा-लहान हा फरक गेला की आकृती हरवते. काक्षीचा (याला काही जण आर्द्रा म्हणतात) तांबूसपणाही त्याच जळण्यात जातो.

यावरचा उपाय म्हणजे डिफ्यूजन फिल्टर. जपानचे आकिरा फुजी यांची नक्षत्रांची छायाचित्रं पाहिली असतील, तर ठळक ताऱ्यांभोवतीचं ते मऊ वलय आठवेल. फिल्टर प्रत्येक ताऱ्याचा थोडा प्रकाश आजूबाजूला पसरवतो. मंद ताऱ्याचं वलय इतकं फिकं असतं की ते दिसतच नाही, ठळकाचं मात्र उठून दिसतं. वलयात प्रकाश विरळ असल्यामुळे रंग जळत नाही, म्हणून काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर दिसतो. केन्कोचा प्रो सॉफ्टॉन किंवा कोकिनचा चौकोनी डिफ्यूजर चालतो. पोर्ट्रेटसाठी घेतलेला मऊपणाचा फिल्टर घरात पडून असेल, तर आधी तोच लावून पाहा.

फिल्टर लावून एकच फोटो काढू नका. ट्रायपॉड न हलवता आधी फिल्टरशिवाय दहा-बारा फ्रेम घ्या, मग फिल्टर लावून चार-पाच. संगणकावर फिल्टरची फ्रेम वरच्या लेयरवर ‘लाइटन’ पद्धतीने (दोन्हींतला उजळ पिक्सेल राहतो) ठेवा, तिची तीव्रता ४० ते ६० टक्क्यांवर आणा आणि जमिनीचा भाग मास्कने पुसून टाका. जमीन नेहमी फिल्टरशिवायच्या फ्रेममधून घ्यायची. नाहीतर दूरच्या पाड्यावरचा एक दिवासुद्धा अर्ध्या डोंगरावर पसरतो. फिरवून बसवायच्या फिल्टरने फोकस रिंगला धक्का लागतो, म्हणून चौकोनी फिल्टर लेन्ससमोर हाताने धरणं किंवा कागदी चिकटपट्टीने टेकवणं बरं. १८ मिलिमीटरला कोपऱ्यातली वलयं लांबट होतात, तेव्हा नक्षत्र चौकटीच्या मधल्या भागात ठेवा. ३५ च्या पुढे हा त्रास नाही. फिल्टर नसेल तर थंडीत लेन्सवर हलकी फुंकर मारूनही परिणाम मिळतो, पण ती वाफ काही सेकंदांत उडते आणि दोन फ्रेम सारख्या येत नाहीत. लेन्सवर पातळ नायलॉनचा मोजा ताणला तर ताऱ्यांना काटे फुटतात. तो प्रकार आम्हाला पसंत नाही.

दुसरी गोष्ट लेन्सच्या आकड्याची. काक्षीपासून राजन्यपर्यंतचं अंतर साधारण १९ अंश. १८ मिलिमीटरच्या चौकटीत ६६ बाय ४७ अंश आभाळ मावतं, म्हणजे मृग त्यात कोपऱ्यात पडल्यासारखा. ३५ ला कॅमेरा उभा धरला तर उंची ३७ अंश आणि रुंदी २५. खाली डोंगराला जागा राहते आणि मृगही भरीव दिसतो. ५० ला उभी चौकट २६ बाय १८ ची, म्हणजे फक्त मृगापुरती. तिथे जमिनीची आणि आभाळाची अशा दोन फ्रेम, एक तृतीयांश भाग सामायिक ठेवून, जोडाव्या लागतात. १८-५५ लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) ३५ ला एफ/४.५ च्या आसपास अडतं. खर्च करायचाच असेल तर नव्या कॅमेऱ्याआधी ३५ किंवा ५० ची एफ/१.८ लेन्स घ्या. ती पूर्ण उघडू नका. उघडली तर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. एफ/२.८ ला ते बहुतेक मिटतात.

आणि वेळ. डिसेंबरच्या मध्यात मृगाचा पट्टा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पूर्वेला उगवतो. आठ वाजता तो २० अंशांवर असतो आणि साडेआठला खाली व्याधही आलेला असतो. हीच वेळ साधा. मध्यरात्री मृग ७० अंशांवर चढतो, तिथे कुठलाच डोंगर पोचत नाही.

नेटवर ‘५०० चा नियम’ वाचला. १८ मिलिमीटरला १८ सेकंद ठेवले, तरी मोठं करून पाहिलं की तारे शेंगदाण्यासारखे लांबट. (सिन्नर)

५०० ला लेन्सच्या प्रत्यक्ष आकड्याच्या दीडपटीने भागायचं, हा नियम फिल्मच्या काळात पुरेसा होता. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो आणि तो एवढी ओढ लपवत नाही. त्यापेक्षा हे सूत्र वापरा: ॲपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनला ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागा. एफ/३.५ आणि १८ मिलिमीटरला १२२ अधिक ११७, भागिले १८, म्हणजे सुमारे १३ सेकंद. ५० मिलिमीटरला एफ/२.८ वर सव्वाचार सेकंद.

हा हिशेब खगोलीय विषुववृत्ताजवळच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वर येणाऱ्या आभाळातल्या रेघेजवळच्या) ताऱ्यांचा आहे. मृग तिथलाच, म्हणून तो सर्वांत वेगाने सरकतो. सप्तर्षी किंवा त्रिशंकूच्या (दक्षिणेकडचा चार ताऱ्यांचा क्रूस) भागात हाच वेळ पावणेदोन ते दोनपट चालतो. वृश्चिकाला फार सवलत नाही, सव्वापट धरा.

कमी सेकंदांची भरपाई आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० आणि फ्रेमची संख्या यांनी करा. सोळा फ्रेम एकत्र केल्या की कणकणपणा चौथ्या हिश्शावर येतो. विंडोजवर सिक्वेटर हे मोफत सॉफ्टवेअर आभाळ ताऱ्यांप्रमाणे जुळवतं आणि जमीन जागेवर ठेवतं. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा, ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ खातं. लेन्सचा थरथर रोखणारा स्विचही ट्रायपॉडवर बंद. आणि ए४ छपाईत दोन-तीन पिक्सेलची ओढ कुणाला दिसत नाही, तेव्हा शंभर टक्के मोठं करून जीव जाळू नका.

कळसूबाईच्या रांगेवर त्रिशंकू हवा आहे. एप्रिलमध्ये अगदी पायथ्याच्या गावात जाऊन आठपासून दहापर्यंत थांबलो, दिसलाच नाही. नाशिकहून तो दिसतो ना? (इंदिरानगर)

दिसतो. पण जागाही चुकली आणि वेळही.

नाशिकचा अक्षांश २० उत्तर. त्यामुळे त्रिशंकूचा खालचा तारा दक्षिणेला जास्तीत जास्त ७ अंश वर येतो आणि वरचा १३ अंश. हात लांब करून मूठ धरली तर ती १० अंश झाकते, म्हणजे सगळा खेळ सव्वा मुठीत. आता डोंगराची उंची अंशांत काढा. कळसूबाईच्या पश्चिमेचा कुलंग १४७० मीटर आणि पायथ्याचा भाग साधारण साडेसहाशे मीटर. तीन किलोमीटरवरून पाहिलं तर फरक ८२० मीटर, म्हणजे डोंगर १५ अंश चढतो. अख्खा त्रिशंकू त्याच्या आड. आठ किलोमीटरवरून डोंगर ६ अंश आणि बारा किलोमीटरवरून ४ अंश. म्हणून पायथा सोडा आणि घोटीच्या थोडं दक्षिणेला, रांगेपासून बारा किलोमीटरच्या आसपासची उघडी जागा शोधा. तिथून अलंग, मदन, कुलंग जवळजवळ थेट दक्षिणेला आणि कळसूबाई जरा डावीकडे येते. डोंगर ४ अंशांचा असेल तर त्रिशंकूचे चारही तारे साधारण चार तास वर राहतात. ६ अंशांचा असेल तर जेमतेम सव्वादोन तास. ७ च्या वर गेला की खालचा तारा रात्रभर दिसत नाही. हा हिशेब दिवसा नकाशावर करायचा: उंचीतला फरक भागिले अंतर, आणि येणाऱ्या आकड्याला ५७ ने गुणलं की अंश मिळतात.

वेळेचं असं आहे की त्रिशंकू थेट दक्षिणेला उभा राहतो तो एप्रिलच्या मध्यात रात्री साडेअकराला, मेच्या सुरुवातीला साडेदहाच्या जरा आधी आणि मेच्या मध्यात साडेनऊला. एप्रिलमध्ये आठ वाजता दक्षिणेला जो क्रूस दिसतो तो फसवा. चार ताऱ्यांचा तसाच आकार, पण मोठा आणि मंद. खरा त्रिशंकू ओळखायची खूण म्हणजे त्याच्या डावीकडचे नरतुरंग या तारकासमूहातले दोन ठळक तारे. त्यांतला डावीकडचा, अधिक ठळक तो मित्र. या दोघांना जोडणारी रेघ त्रिशंकूकडे बोट दाखवते. मित्रपासून त्रिशंकूच्या उजव्या टोकापर्यंतचा पट्टा साधारण १८ अंशांचा, त्यामुळे ५० मिलिमीटरच्या आडव्या चौकटीत (२६ बाय १८ अंश) दोन्ही तारे, त्रिशंकू आणि खालची रांग नेमकी बसते. एफ/२.८, आयएसओ ३२००, ८ सेकंद.

एवढ्या खाली ताऱ्याचा प्रकाश हवेच्या सात-आठपट जाड थरातून येतो, त्यामुळे तारे दीड-दोन प्रतींनी मंद आणि पिवळट होतात. एप्रिल-मेची धूळ आणि वणव्यांचा धूर त्यात भर घालतो. म्हणून अवकाळीची सर पडून गेल्यावरची पहिली निरभ्र रात्र सोडू नका. मुंबई-कल्याणचा उजेड त्या जागेवरून उजवीकडे, नैर्ऋत्येला राहतो. महामार्गाचे आणि समृद्धीच्या इंटरचेंजचे दिवे पाठीमागे राहतील अशी जागा निवडा.

मोबाइलवर नक्षत्र येतं का? (पाथर्डी फाटा)

येतं. ट्रायपॉड आणि तीन-दहा सेकंदांचा टायमर मात्र हवाच. पिक्सेल फोनमधला आकाशाचा मोड चार मिनिटांपर्यंत फ्रेम जुळवत राहतो, तो उत्तम. आयफोन ट्रायपॉडवर स्थिर झाला की नाइट मोड ३० सेकंदांपर्यंत जातो. इतर फोनमध्ये प्रो मोडला फोकस अनंतावर, आयएसओ १६०० आणि १० ते १५ सेकंद. अल्ट्रावाइड वापरू नका, मुख्य कॅमेराच घ्या. बहुतेक फोनांत अल्ट्रावाइडला प्रकाश कमी मिळतो आणि नक्षत्र चिमुकलं होतं. सौंदर्य वाढवणारे आणि धार काढणारे पर्याय बंद करा, नाहीतर फोन मंद तारे कण समजून पुसतो.

तारे चांगले येतात, पण खालचा डोंगर नुसता कोळसा. टॉर्च मारली तर फोटो नाटकाच्या पडद्यासारखा दिसतो. (देवळाली कॅम्प)

सह्याद्रीचा कातळ काळा बेसॉल्ट, त्यात उन्हाळ्यात गवत जळलेलं. तो प्रकाश परत देतच नाही. टॉर्चचा झोत जवळच्या दगडावर पडतो आणि मागचा डोंगर तसाच काळा राहतो. चांदण्यात फिरणाऱ्यांना जे ठाऊक असतं ते फोटोवाले विसरतात: चंद्र लागतो.

अमावास्येलाच जायचं हा हट्ट आकाशगंगेसाठी ठीक आहे. नक्षत्रांसाठी शुक्ल चतुर्थी ते अष्टमीचा चंद्र जास्त कामाचा. तो मंद तारे धुऊन टाकतो, ठळक तारे ठेवतो आणि डोंगराला कडा देतो. म्हणजे सातपूरच्या वाचकांची अर्धी तक्रार फिल्टरशिवाय मिटते. दिनदर्शिकेत तिथी पाहा. शुक्ल पक्षात चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा मावळतो. चतुर्थी-पंचमीला रात्री साडेनऊ-साडेदहापर्यंत, अष्टमीला मध्यरात्रीपर्यंत. डिसेंबरात पूर्वेला मृग टिपताना हा चंद्र पश्चिमेला, तुमच्या पाठीमागे असतो आणि समोरचा डोंगर उजळतो. मेमध्ये दक्षिणेच्या त्रिशंकूला तो उजवीकडून तिरपा पडतो, त्यामुळे घळी आणि सोंडा सुटून दिसतात. एफ/३.५, आयएसओ १६००, १३ सेकंदांपासून सुरुवात करा. पौर्णिमेच्या आसपास आयएसओ ८०० पुरे, पण तेव्हा आभाळ दिवसासारखं निळं येतं आणि तिसऱ्या प्रतीच्या खालचं फारसं उरत नाही.

चंद्र नसेल तर दोन वाटा. एक, सूर्यास्तानंतर पस्तीस-चाळीस मिनिटांनी, निळसर उजेड असताना, जमिनीची फ्रेम घ्यायची आणि ट्रायपॉड तसाच ठेवून तारे उमलेपर्यंत थांबायचं. आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासात पूर्ण अंधार होतो, तेव्हा हे थांबणं जड नाही. दोन, अंधारातच जमिनीसाठी वेगळी फ्रेम: एफ/४, आयएसओ १६००, ३ ते ४ मिनिटं. या फ्रेमपुरतं नॉइज रिडक्शन चालू केलं तरी चालेल. जोडताना एक काळजी घ्या. चार मिनिटांत तारे एक अंश सरकतात, म्हणून लांब फ्रेममध्ये डोंगराच्या कडेला ताऱ्यांच्या रेघा असतात. मास्क कडेच्या आत घ्या, बाहेर नको. जमीन आभाळापेक्षा उजळ ठेवली की फोटो खोटा दिसतो. आभाळाहून जरा गडदच ठेवा.

फोकस अनंताच्या खुणेवर ठेवूनही तारे फुगलेले येतात. (मखमलाबाद)

ती खूण अंदाजाची असते, आणि १८-५५ वर बहुधा नसतेच. मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू, ठळक तारा दहापट मोठा करून सर्वांत बारीक होईल तिथे थांबा. मग कागदी चिकटपट्टी. झूम नंतर हलवला तर फोकस पुन्हा करा. विजेवर चालणाऱ्या फोकस रिंगच्या लेन्स कॅमेरा बंद केला की जागा विसरतात. पारा उतरला की फोकसही किंचित सरकतो, म्हणून तासाभराने एकदा तपासा.

जानेवारीत पहाटे वृश्चिक उगवताना टिपायला बसतो. पाचच्या सुमारास सगळे फोटो धुरकट. लेन्स पुसली तरी पाच मिनिटांत परत तेच. (निफाड)

तुमच्याकडे दोन धुरकट गोष्टी एकत्र येतात. एक दव. निरभ्र रात्री लेन्सची काच आभाळाकडे उष्णता फेकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. तिचं तापमान दवबिंदूच्या खाली गेलं की वाफ बसते. पुसून काच गरम होत नाही, म्हणून ती लगेच परत बसते, वर ओरखडे पडतात ते वेगळेच. पाच व्होल्टवर चालणारी लेन्स गरम ठेवायची पट्टी मिळते, ती पॉवर बँकेला लावून लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा. दव बसण्याच्या आधी चालू करायची, नंतर नाही. पट्टी नसेल तर हात गरम ठेवायच्या पुड्या रबरबँडने बांधा. हूड लावाच, तो काचेला उघड्या आभाळापासून थोडा आडोसा देतो. दर वीस मिनिटांनी समोरच्या काचेवर तिरपी मंद टॉर्च टाकून पाहा. परतताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा आणि घरात तासभर उघडू नका.

दुसरी गोष्ट, थंडीची लाट आली की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तो धूर थंड हवेखाली दबून जमिनीलगत पसरतो, आणि वृश्चिकही उगवताना तिथेच, आग्नेयेच्या क्षितिजालगत असतो. त्यावर उपाय जागा बदलणं हाच. तीस-चाळीस मीटर उंच टेकाडावर गेलात तरी धुराचा थर बऱ्याचदा खाली राहतो, आणि मग तोच थर फोटोत शोभतो. गोदाकाठ आणि नांदूरमधमेश्वरचं पाणी यांपासून वर गेल्याने दवही कमी होतं. सवड असेल तर मार्चपर्यंत थांबा. तेव्हा मध्यरात्रीनंतर तासा-दीड तासात वृश्चिक आग्नेयेला पुरेसा वर येतो आणि दवाचा जोर सरलेला असतो.

शहराचा उजेड काढायला फिल्टर घ्यावा का? (पंचवटी)

पैसे वाचवा. ते फिल्टर सोडियम दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशाचा ठरावीक पट्टा अडवायचे. रस्त्यांवर आता एलईडी आले, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर तो थोडा अडवतो आणि ताऱ्यांचाही तेवढाच अडवतो.

नियम एकच: शहराच्या ज्या बाजूला जाल, त्याच बाजूला पुढे तोंड करा. नाशिकच्या पश्चिमेला जाऊन पूर्वेचा मृग टिपायचा म्हणजे शहराच्या उजेडाकडेच कॅमेरा रोखणं, आणि त्र्यंबकहून डिसेंबरात तसंच होतं. तिथे हा उजेड टाळता येत नाही, पण वापरता येतो. त्र्यंबकच्या बाजूने अंजनेरी पूर्वेला, चारेक किलोमीटरवर, सुमारे ७ अंश उंच दिसतो. नाशिकच्या उजेडावर त्याची काळी आकृती स्वच्छ उठते आणि मृग त्यावर. उजेड नकोच असेल तर एप्रिलच्या मध्यात अंजनेरीच्या बाजूने पश्चिमेला वळा. आठच्या सुमारास मृग ब्रह्मगिरीच्या दिशेला ३० अंशांच्या वर असतो आणि साडेदहापर्यंत मावळतो. नाशिक पाठीशी, मध्ये फक्त त्र्यंबक गावाचे दिवे. ते एखाद्या झाडाआड घ्या. उरलेला पिवळा उतार ग्रॅक्सपर्ट या मोफत सॉफ्टवेअरने निघतो, पण ते आभाळाच्या लेयरवरच चालवा. जमिनीसकट चालवलं तर डोंगराभोवती काळी झालर येते.

सातमाळ्याच्या डोंगरांवर ध्रुवाभोवतीची वर्तुळं टिपली. वर्तुळं अर्धी कापली जातात, आणि कोणता तारा कुठला ते कळत नाही. (चांदवड)

सातमाळ रांग पूर्व-पश्चिम असल्यामुळे तिच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेला पाहणं ही जागा योग्यच आहे. पण आपल्याकडे ध्रुव फक्त २० अंशांवर, दोन मुठी. डोंगर १२ अंशांचा असेल तर ८ अंशांपेक्षा मोठं एकही वर्तुळ पूर्ण होणार नाही. चारशे मीटर चढणाऱ्या डोंगराला १२ अंशांवर ठेवायचं तर १९०० मीटर दूर उभं राहावं लागतं. साडेतीन किलोमीटर मागे गेलात तर तो साडेसहा अंशांवर येतो. कापलेल्या वर्तुळांत तसं काही वाईट नाही. हिमाचलच्या फोटोंसारखी नाशिकला येणार नाहीत, एवढंच.

एफ/४, आयएसओ ८००, ३० सेकंद, दोन फ्रेमच्या मध्ये एक सेकंदाहून जास्त खंड नको, आणि अशा १२० फ्रेम. तासाभरात १५ अंशांची कमान मिळते. स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. नक्षत्र ओळखू यावं म्हणून शेवटी एक युक्ती करा. रेघांच्या फ्रेम संपल्या की तीन मिनिटं थांबा, मग डिफ्यूजन फिल्टर लावून १३ सेकंदांची एक उजळ फ्रेम घ्या आणि तीही त्याच थप्पीत टाका. प्रत्येक रेघेच्या पुढे किंचित अंतर सोडून वलय असलेला तारा येतो आणि शर्मिष्ठा या तारकासमूहाचा आकार रेघांतूनही वाचता येतो. ही फ्रेम राहिली तर काही चालत नाही, म्हणून एक बॅटरी तिच्यासाठी राखून ठेवा.

रात्री कुठल्या किल्ल्यावर जावं? (नाशिक रोड)

शक्यतो कुठल्याच नाही. किल्ला फोटोत हवा, तर किल्ल्यावरून तो दिसत नाही. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या रात्री चढायच्या नाहीत. बहुला लष्कराच्या गोळीबार क्षेत्रात आहे, त्या बाजूला फिरकू नका. धरणाच्या भिंतीवर कॅमेरा लावायला मनाई असते. वनखात्याच्या हद्दीत आधी विचारा. दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो, तेव्हा दोघं-तिघं मिळून जा, उसाच्या कडेला खाली बसून काम करू नका आणि गावातल्या पोलीस पाटलांना कळवून ठेवा. रात्री शेतात उजेड दिसला की लोक चोर समजतात. जागा दिवसा पाहून ठेवा, कंपासने दिशा घ्या आणि स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २० उत्तर, ७३.८ पूर्व घालून तारीख-वेळ पुढे सरकवून बघा.

ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर सप्तशृंगीच्या डोंगरावर सप्तर्षी टिपायचे आहेत. किती वाजता जाऊ? (वणी)

ऑक्टोबरच्या मध्यात सप्तर्षींचा पहिला तारा उत्तर-ईशान्येला रात्री एकनंतर उगवतो आणि सातवा पहाटे पाचच्या सुमारास. तोवर उजाडायला लागतं. तेव्हा संध्याकाळी शर्मिष्ठा घ्या. नोव्हेंबरच्या मध्यात ती रात्री दहाला उत्तरेला ५० अंशांवर येते, त्यामुळे डोंगरासकट हवी असेल तर सातच्या सुमारास, ईशान्येला खाली असतानाच टिपा. सप्तर्षींसाठी एप्रिल-मे ठेवा. मेच्या मध्यात रात्री नऊला ते उत्तरेला ५० अंशांच्या जरा वर असतात. १८ मिलिमीटर, कॅमेरा उभा, आणि खालच्या कडेला डोंगराची दहा अंशांची पट्टी.